दीड सेंटिमीटरच्या ढालीवर नक्षी बसवताना

२८ मिलिमीटरच्या शिपायाकडे पाहताना नजर पहिली ढालीवर पडते. त्या एवढ्याशा पुतळ्यावर सलग, मोठी आणि समोर आलेली जागा तीच असते. डोळे रंगवताना थोडे इकडेतिकडे झाले तर हातभर अंतरावरून कळत नाहीत. ढालीवरचं चिन्ह एका बाजूला कललं, कडेला चुणी पडली किंवा पापुद्र्याखाली चंदेरी डाग राहिले, तर ते खोलीच्या दारातूनही दिसतं. म्हणून ढालीवरच्या ट्रान्सफरला, म्हणजे कागदावरून ढालीवर उतरवायच्या छापील चिन्हाला, मी रंगकामाइतकाच वेळ देतो, आणि त्यातला बराचसा वेळ ट्रान्सफर पाण्यात पडण्याच्या आधीच जातो.

हे सुरुवातीलाच सांगतो, कारण नवीन मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोणतं सोल्युशन आणू?’ हा. ट्रान्सफर मऊ करणारी द्रावणं उपयोगी आहेत आणि पुढे त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. पण खरखरीत रंगावर ठेवलेला, आकार न पाहता कापलेला तुकडा कोणत्याही द्रावणाने सुधारत नाही. आधी गुळगुळीत जमीन, मग ढालीच्या वळणाला धरून चालवलेली कात्री, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी द्रावण, हा क्रम मनात पक्का ठेवा.

ढालीचं वळण ओळखा

ट्रान्सफरचा पापुद्रा सपाट कागदावर छापलेला असतो. तो वाकतो, पण फारसा ताणला जात नाही. त्यामुळे कोणती ढाल सोपी आणि कोणती अवघड, हे तिच्या वळणावरून ठरतं.

व्हायकिंगांची गोल ढाल बहुतेक पुतळ्यांवर जवळजवळ सपाट असते. तिथे प्रश्न फक्त मधल्या लोखंडी टोपाचा. तेवढं भोक नीट पाडलं की काम झालं. रोमन सैन्याची लांबट ढाल, म्हणजे स्कुटम, वाकलेली असते, पण एकाच दिशेने. नळकांड्यावर कागद चुणी न पडता बसतो, तसाच इथे पापुद्राही बसतो. मात्र रुंदी समोरून मोजायची नाही, वळणावरून मोजायची. समोरून दिसणाऱ्या रुंदीपेक्षा ती नेहमी जास्त भरते, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे दोन्ही कडांना रंगाची उघडी पट्टी राहिलेल्या ढाली मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

ग्रीक हॉप्लाइट शिपायाची ढाल, अस्पिस, हे खरं अवघड प्रकरण. ती घुमटासारखी फुगलेली, भोवती सपाट काठ. मूळ ढालीचा व्यास साधारण ९० सेंटिमीटर, म्हणजे २८ मिलिमीटरच्या पुतळ्याच्या १:५६ या प्रमाणात सुमारे १६ मिलिमीटर. घरात एक वाटी पालथी घाला आणि तिच्यावर गोल कापलेला कागद दाबून बसवून पाहा. मधे तो छान टेकेल आणि काठाकडे चुण्या उभ्या राहतील. त्याचं कारण असं: घुमटाच्या मध्यापासून काठापर्यंतचं अंतर वळणावरून मोजलं आणि तेवढ्याच त्रिज्येचं सपाट वर्तुळ कापलं, तर त्या वर्तुळाचा परीघ घुमटाच्या काठापेक्षा मोठा असतो. हा जादा परीघ कुठेतरी जाणारच. तुम्ही त्याला वाट करून दिली नाही तर तो स्वतःची वाट काढतो, आणि नेमकी चिन्हाच्या मधोमध काढतो.

आपली मराठा ढाल सपाट गोल ढाल आणि अस्पिस यांच्या मधली. गोल, उथळ घुमटाची, चामड्याची किंवा पोलादाची, आणि दर्शनी बाजूला चार फुलं. ही फुलं नुसती शोभेची नसतात. मागच्या मुठीच्या कड्या ज्या खिळ्यांनी अडकवलेल्या असतात, त्या खिळ्यांना ती झाकतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर ढालींसमोर थोडा जास्त वेळ थांबा. नक्षीचा पट्टा काठापासून किती आत सुरू होतो आणि फुलं मध्यापासून किती अंतरावर आहेत, हे फोटोपेक्षा समोर उभं राहून जास्त कळतं. काही ढालींवर फुलांच्या मधे चंद्रकोरही असते. ट्रान्सफरसाठी ती फार सुंदर जागा आहे.

अडचण आकाराची आहे. ४५ सेंटिमीटरची ढाल २८ मिलिमीटरच्या पुतळ्यावर जेमतेम ८ मिलिमीटर होते, आणि त्यात चार भोकं पाडायची. म्हणून मराठा ढालीवर नक्षी करायची असेल तर ५४ मिलिमीटरचा पुतळा घ्यावा, असं माझं मत आहे. १:३२ या प्रमाणात तीच ढाल १४ मिलिमीटरची होते आणि हाताला जागा मिळते. त्याहून सोपा सराव दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांवर होतो. त्यांच्या ढाली दोन-तीन सेंटिमीटरच्या असतात आणि बिघडल्या तरी जीव हळहळत नाही.

ट्रान्सफर तीन तऱ्हेचे

पहिला नेहमीचा, पाण्यात भिजवून सरकवायचा. कागदावर डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक लॅकरचा पापुद्रा आणि त्यावर छपाई. हा डिंक बहुतेक डेक्स्ट्रिनचा असतो, म्हणजे स्टार्चपासून बनलेला. आपल्या सोलापुरात सुताला खळ देणं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना स्टार्च पाण्यात कसा सुटतो आणि वाळल्यावर कसा कडक होतो हे सांगायला नको.

दुसरा उलटा छापलेला. ऐतिहासिक पुतळ्यांच्या ढालींसाठी हा बराच वापरला जातो. यात वरची संरक्षक झिल्ली सोलायची, चित्राची बाजू ढालीवर पालथी टेकवायची, मागून कागद ओला करायचा आणि कागद सरकवून काढायचा. याची रीत वेगळी आहे, ती पुढे दिली आहे.

तिसरा घरी छापलेला. मराठा ढालीसाठी तयार छापील नक्षी शोधत बसण्यापेक्षा स्वतः काढून छापणं मला अधिक समाधानाचं वाटतं.

साहित्य आणि सोलापूरचं हवापाणी

नवीन पात्याचा क्राफ्ट नाइफ, नखं कापायची वाकडी कात्री, टोकदार चिमटा, चपट्या टोकाचा चिमटा, दोन मऊ ब्रश, एक बारीक सुई, पांढरी गुळगुळीत टाइल, मास्किंग टेप, काडी किंवा बाटलीचं झाकण. यातलं बरंचसं नवी पेठेत फिरलात तर स्टेशनरीच्या आणि रंगांच्या दुकानांत मिळून जातं. प्लास्टिक मॉडेलचे रंग आणि द्रावणं मात्र मागवावी लागतात.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगतो. आपल्याकडे नळ रोज येत नाही. पाणी साठवलेलं असतं, आणि अनेक घरांत त्यात बोअरचं पाणीही मिसळलेलं असतं. ते जड असतं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच क्षार पापुद्र्याखाली वाळून पांढरट डाग म्हणून राहतो, आणि वरून व्हार्निश मारल्यावर तो काढता येत नाही. म्हणून ट्रान्सफर भिजवायला आणि ब्रश धुवायला बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा. घेताना बाटली नीट वाचा, बॅटरीचं ॲसिड चुकून हातात येऊ देऊ नका. एक लिटरची बाटली खूप दिवस पुरते. आरओचं पाणीही चालतं.

दुसरी गोष्ट कापसाची. सोलापूरचा टर्किश टॉवेल टेबलावर हाताखाली पसरायला उत्तम आहे, सुटून पडलेली ढाल त्यावर आपटत नाही आणि घरंगळून जात नाही. पण ट्रान्सफर टिपायला तो कधीही वापरू नका, कारण त्याचे उभे धागे ओल्या पापुद्र्यात अडकतात. टिपायला जुन्या धोतराचा किंवा मऊ सुती साडीचा धुतलेला तुकडा घ्या. पूर्व भागात मागाच्या आसपास राहत असाल तर हवेतला तंतूही त्रास देतो. ढाल वाळत असताना तिच्यावर मिठाईचा रिकामा पारदर्शक डबा पालथा घालून ठेवा.

तिसरी गोष्ट उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. चिन्ह सरळ करायच्या आत पाणी उडून जातं. अशा दिवसांत पहाटे किंवा रात्री काम करा, पंखा बंद ठेवा आणि एका वेळी एकच ढाल घ्या. या छंदासाठी आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ थंडीचा, गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आगेमागेचा.

अस्तर आणि जमीन

ढाल पुतळ्यापासून वेगळी ठेवूनच रंगवा. मागच्या बाजूने दुहेरी चिकट टेपने ती झाकणावर किंवा काडीवर बसवा. त्याआधी एक काम करा. ढाल पुतळ्याच्या हातावर नुसती टेकवून पाहा आणि ‘वर’ कुठे येतं त्याची खूण ढालीच्या मागे पेन्सिलने करा. शिपायाचा हात बहुधा तिरका असतो. स्पार्टन शिपायाच्या ढालीवरचा लॅम्डा, तो उलट्या व्हीसारखा अक्षराकार, ढालीपुरता सरळ आणि शिपायापुरता वाकडा झाला तर सगळी मेहनत फुकट जाते. खूण झाली की झाकणावरही त्याच दिशेला रेघ ओढा.

साच्याची शिवण घासून काढा. प्रायमरचा पातळ थर द्या. मावळ्याची मूर्ती प्लास्टरची किंवा मातीची असेल तर प्रायमरचे दोन-तीन थर लागतात, कारण प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि पापुद्रा सरकायच्या आत त्याला जागीच पकडतं. मग मूळ रंग, पातळ करून, दोन हातांत. ब्रशचे ओरखडे राहिले तर ते पापुद्र्याखालून दिसतातच. हजार किंवा त्याहून बारीक नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने फिरवला तर ओरखडे जातात.

रंगाची निवड ट्रान्सफर पाहून करा. बहुतेक ट्रान्सफरची शाई थोडीफार पारदर्शक असते. खाली गडद रंग असला तर लाल मळकट दिसतो आणि पिवळा हिरवट पडतो. चिन्हाच्या जागी पांढरा किंवा फिकट रंग दिला की शाई उजळते. चिन्हाखाली मुद्दाम पांढरी छपाई केलेली असेल तर प्रश्न नाही. शीट उजेडाकडे धरून पाहिली की हे कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. रंग पूर्ण वाळल्यावर ग्लॉस व्हार्निशचे दोन पातळ थर द्या आणि रात्रभर ठेवा. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. पापुद्रा त्या उंचवट्यांवर टेकतो आणि खालच्या खाचांत हवा अडकते. त्या हवेवरून परावर्तित होणारा उजेड म्हणजे चंदेरी डाग. ग्लॉसने खाचा भरल्या की पापुद्र्याला सलग जागा मिळते, हवेला उरत नाही. शेवटी मॅट व्हार्निश मारायचंच असल्यामुळे ढाल कायम चकचकीत राहील ही काळजी नको. भाद्रपदात हवा दमट असते तेव्हा एक रात्र पुरत नाही. बोट हलकेच टेकवून चिकटपणा जाणवला तर आणखी एक दिवस थांबा.

माप आणि कात्री

मास्किंग टेपचा तुकडा ढालीवर दाबून बसवा. पेन्सिल आडवी धरून काठावरून आणि मधल्या टोपावरून फिरवा, म्हणजे त्यांची रेघ टेपवर उमटेल. टेप सोलून साध्या कागदावर चिकटवा. हा तुमचा नमुना. घुमटदार ढालीसाठी याहून चांगली युक्ती म्हणजे स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल. फॉइल ढालीवर ठेवून बोटाने आणि मग कापसाच्या बोळ्याने दाबत जा. चुण्या कुठे आणि किती पडतात हे तिथेच दिसेल. त्या जागा लक्षात ठेवा, कारण आपले काप तिथेच जायला हवेत.

नमुना ट्रान्सफरवर ठेवून मापं जुळवा. चिन्हाभोवतीचा रिकामा पारदर्शक पापुद्रा जितका जवळून कापता येईल तितका कापा, कारण चंदेरी डाग बहुधा त्या रिकाम्या भागातच उठतात. पूर्ण ढाल झाकणारी नक्षी असेल तर ती काठापासून कणभर आतच संपवा. काठ नंतर ब्रशने रंगवायचा आहे. अस्पिसच्या सपाट काठावर पापुद्रा चढवण्याचा मोह टाळा, कारण तिथे वळण अचानक बदलतं आणि पापुद्रा हमखास उचलला जातो.

मधलं भोक पात्याने गोल फिरवून कापू नका, कडा फाटते. मोठ्या टोपासाठी चामड्याला भोक पाडायचा फिरता पंच वापरा. मोचीकामाचं सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो आणि त्याला वेगवेगळ्या मापांची तोंडं असतात. मराठा ढालीच्या चार फुलांसाठी त्याचं सगळ्यात लहान तोंडही मोठं होतं. तिथे इंजेक्शनची सुई कामी येते. १८ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास १.२७ मिलिमीटर, १६ गेजचा १.६५. नवी, न वापरलेली सुई घेऊन तिचं तिरकं टोक कानसीने घासून सपाट करा, आतली कड धारदार करा, आणि जाड रबरावर ट्रान्सफर ठेवून सुई बोटांत फिरवत दाबा. भोक स्वच्छ निघतं. भोक फुलापेक्षा किंचित मोठं असू द्या. फुलाभोवतीची फट रंगाने झाकता येते, पण फुलावर चढलेला पापुद्रा दाबून बसवता येत नाही.

घुमटासाठी काठाकडून मध्याकडे जाणारे सरळ काप द्या. उथळ ढालीला चार पुरतात, अस्पिसला सहा ते आठ. काप त्रिज्येच्या साधारण अर्ध्यापर्यंत न्या, चिन्हाच्या महत्त्वाच्या रेषा टाळून, शक्य तर रंगांच्या सीमेवरून. कापाच्या दोन्ही बाजू बसवताना एकमेकींवर किंचित चढतील. मऊ करणारं द्रावण आणि व्हार्निश यांत ती चढण जवळजवळ विरून जाते. मधे मोठं भोक असेल आणि ढाल खूप फुगीर नसेल, तर काठापासून भोकापर्यंत एकच काप देऊन सगळा जादा भाग एकाच जागी चढवता येतो. तो काप ढालीच्या खालच्या बाजूला, शिपायाच्या गुडघ्याकडे ठेवा.

पाण्यातून ढालीवर

पाणी कोमट असावं. उन्हाळ्यात टाकीजवळ ठेवलेली बाटली तशीही कोमट असते, थंडीत थोडी गरम करून घ्या. तुकडा चिमट्याने धरून दहा-पंधरा सेकंद पाण्यात बुडवा आणि बाहेर काढून टाइलवर ठेवा. सुटा होऊन पाण्यात तरंगेपर्यंत तो आत ठेवू नका. तेवढ्या वेळात डिंक धुऊन जातो आणि पापुद्रा गुंडाळला जातो. टाइलवर मिनिटभरात पाणी कागदातून झिरपून डिंक सैल करतं. ब्रशच्या टोकाने हलकेच ढकलून पाहा. चिन्ह कागदावर सरकलं की तयार. सरकलं नाही तर पाण्याचा एक थेंब टाकून आणखी थांबा, ओढू नका.

ढालीवर आधी ओल हवी. मायक्रो सेट किंवा मिस्टर मार्क सेटर यांसारख्या द्रावणाचा पातळ थर ब्रशने द्या. या पहिल्या तऱ्हेच्या द्रावणाचं काम पृष्ठभागावरचं पाण्याचं ताणलेपण कमी करून पापुद्र्याला टेकायला मदत करण्याचं. मायक्रो सेटला व्हिनेगरचा वास येतो, कारण त्यात ॲसेटिक ॲसिड असतं. ते मिळालं नाही तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून वापरता येतं. टाकाऊ तुकड्यावर आधी पाहून घ्या.

कागदासकट तुकडा ढालीला टेकवा आणि चिन्ह ब्रशने ढालीवर सरकवा, कागद मागे ओढून घ्या. चिमट्याने पापुद्रा उचलून ठेवायला जाऊ नका, तो फाटतो किंवा स्वतःवर दुमडतो. पुरेशी ओल असेल तर चिन्ह तरंगतं आणि मनासारखं फिरवता येतं. झाकणावरच्या रेघेशी जुळवा. ढाल डोळ्यासमोर सरळ धरून पाहा, मग उलटी धरून पाहा. उलटी धरली की वाकडेपणा चटकन लक्षात येतो.

जागा पक्की झाली की कापडाच्या टोकाने पाणी टिपा. आधी मध्य, मग बाहेरच्या दिशेने. घासायचं नाही, फक्त टेकवून उचलायचं. मध्याकडून काठाकडे गेलात की खालचं पाणी आणि हवा काठातून बाहेर पडते. उलट गेलात तर दोन्ही मधे कोंडतात. कापांच्या बाजू आता एकमेकींवर चढवून दाबा.

मऊ करणारं द्रावण

मायक्रो सोल, मिस्टर मार्क सॉफ्टर ही दुसऱ्या तऱ्हेची द्रावणं. ती पापुद्र्याला मऊ करतात, आणि मऊ झालेला पापुद्रा घुमटाचा, खिळ्यांचा, फळ्यांच्या रेघांचा आकार घेतो. पहिलं पाणी टिपून झाल्यावर पाचेक मिनिटांनी ब्रशने एक पातळ हात द्या. थोड्याच वेळात पापुद्रा आक्रसेल, त्यावर बारीक चुण्या उठतील आणि पाहणाऱ्याला सगळं बिघडलं असं वाटेल. या क्षणी हात मागे घ्या. ढालीला स्पर्शही करू नका. पापुद्रा या वेळी इतका मऊ असतो की ब्रशचा केससुद्धा त्याला ओढून नेतो. वाळताना तो आपोआप ताणून बसतो. तासाभराने पाहा, गरज असेल तिथे दुसरा हात द्या. हट्टी घुमटाला तीन-चार हातही लागतात, प्रत्येक हात आधीचा वाळल्यावरच.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या पापुद्र्यांची जाडी सारखी नसते. पातळ पापुद्र्याला तीव्र द्रावण चालत नाही, तो विरघळल्यासारखा होतो. शीटवरच्या नावाचा किंवा नंबराचा बिनकामाचा तुकडा कापून त्यावर आधी चाचणी घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर याच्या जागी वापरू नका. त्यातलं ॲसिटोन आणि सॉल्व्हंट ट्रान्सफरसकट खालचा रंग काढून टाकतात.

उलटा छापलेला ट्रान्सफर

इथे सरकवायची सोय जवळजवळ नसते, टेकला की टेकला. म्हणून माप आणि भोक यांची कोरडी चाचणी झिल्ली सोलण्याआधी करा. ढालीवर पांढरी जमीन ठेवा. कापून झाल्यावर झिल्ली सोला, चित्राची बाजू खाली करून आधी भोक टोपावर बसवा, मग बाकीचा भाग मध्याकडून काठाकडे अंगठ्याने दाबा. घुमट असेल तर कडेचे काप इथेही हवेत. ओल्या ब्रशने मागचा कागद पूर्ण भिजवा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. कागद गडद होऊन अर्धपारदर्शक दिसू लागतो. मग तो एका बाजूने सरकवा. अडकला तर पुन्हा पाणी, पुन्हा वाट पाहणं. कागद निघाल्यावर चित्रावर चिकट थर राहतो, तो ओल्या ब्रशने अलगद धुऊन घ्या.

मराठा ढालीची नक्षी घरी छापायची तर

इंकजेटसाठी आणि लेसरसाठी डिकॅल पेपर, म्हणजे ट्रान्सफर छापायचे कोरे कागद, वेगवेगळे मिळतात. इंकजेटचा पेपर लेसर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. आतल्या उष्णतेने त्याचा थर वितळून प्रिंटरला चिकटू शकतो. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेणार असाल तर पेपर कोणत्या प्रिंटरचा आहे हे दुकानदाराला दाखवूनच द्या.

नक्षी मोठी काढा आणि संगणकावर ६०० डीपीआयला लहान करा. आधी साध्या कागदावर छापून, कापून ढालीवर टेकवून पाहा. डिकॅल पेपर महाग असतो, म्हणून एकाच शीटवर थोड्या थोड्या फरकाच्या मापांच्या बऱ्याच नक्षी बसवा. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही आणि सोनेरीही छापत नाही. काळ्या चामड्याच्या ढालीवर सोनेरी वेल हवी असेल तर उलट विचार करा: ढाल आधी सोनेरी रंगवा, आणि पारदर्शक पेपरवर काळी जमीन छापून वेलीची जागा रिकामी सोडा. खालचं सोनं त्या रिकाम्या जागेतून दिसतं. ब्रशने इतकी बारीक वेल काढणं फार थोड्या हातांना जमतं, आणि ही युक्ती जमली की मिळणारा आनंद मोठा आहे. छापील काळा थोडा विरळ असतो, म्हणून एकावर एक असे दोन ट्रान्सफर तंतोतंत बसवता आले तर सोनं फक्त वेलीतच चमकतं.

इंकजेटची शाई पाण्यात पसरते. छापल्यावर शीट नीट वाळू द्या आणि पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ थर देऊन मगच कापा. लेसरच्या छपाईलाही एक थर दिलेला बरा.

चार फुलं ट्रान्सफर बसल्यानंतर रंगवा. आधी गडद तपकिरी, मग सोनेरी, आणि वरच्या टोकाला उजळ सोनेरी टिंब. भोकाभोवती राहिलेली बारीक फट त्या तपकिरी रंगात झाकली जाते.

काही बिघडलं तर

वाळल्यावर चंदेरी डाग दिसला तर त्या जागी बारीक सुईने चार-सहा भोकं पाडा आणि वरून मऊ करणारं द्रावण सोडा. ते भोकांतून आत जातं, हवा बाहेर येते. फुगा मोठा असेल तर नव्या पात्याने एक काप द्या आणि तेच करा. चुणी कडक होऊन उभी राहिली असेल तर तिच्या माथ्यावर काप देऊन दोन्ही बाजू द्रावणाने मऊ करा आणि खाली बसवा. उरलेला उंचवटा पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने काढता येतो, रंग मात्र पुन्हा भरावा लागेल. चिन्हाचा कोपरा फाटला तर जोडायच्या मागे लागू नका. तोच रंग मिसळून ब्रशने भरा. वाकडं बसलेलं चिन्ह ओलं असताना पाणी सोडून हलवता येतं. वाळल्यावर ते मास्किंग टेपने उचलून काढावं आणि नवीन लावावं, जुनं वाचवण्यात अर्थ नाही.

शेवटचे थर

ट्रान्सफर दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने हलकेच पुसा, म्हणजे कडेला आलेला डिंक निघून जाईल. तो राहिला तर पुढे पिवळट दिसतो. मग ग्लॉसचा एक थर, म्हणजे पापुद्र्याची कड बुजते. आता काठ रंगवा. ढालीवर तलवारीचे ओरखडे, चिखल, जुनाटपणा दाखवायचा असेल तर तोही आताच, आणि चिन्हावरूनही. बाकी ढाल लढाईतून आलेली आणि चिन्ह मात्र कोरं करकरीत, असं दिसलं की ट्रान्सफर लगेच ओळखू येतो. मूळ रंगाचे दोन-चार बारीक ओरखडे चिन्हाला छेदून न्या, पातळ तपकिरी रंग काठाकडे जिरवा.

शेवटी मॅट व्हार्निश. उन्हाळ्यात स्प्रे वापरत असाल तर दुपारी मारू नका. उष्ण, कोरड्या हवेत फवारा ढालीपर्यंत पोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभागावर भुकटीसारखा खरखरीत थर बसतो. पावसाळ्यात दमट हवेत तोच स्प्रे पांढुरका पडू शकतो. या दोन्ही ऋतूंत मी ब्रशने लावायचं ॲक्रिलिक मॅट व्हार्निश पसंत करतो. पोलादी मराठा ढालीला मात्र पूर्ण मॅट करू नका, सॅटिन ठेवा.

मावळ्यांची पलटण तयार झाली की ती कुठे उभी करायची हा विचार आलाच, म्हणून एक सुचवतो. दिवाळीत आपण सगळे डोंगरी किल्लेच बांधतो. सोलापूरच्या मुलांनी एखाद्या वर्षी आपला भुईकोट बांधावा. दुहेरी तटबंदी, खंदक, बुरूज, आणि तटावर ढाली घेतलेले शिपाई ओळीने. खालून वर पाहणाऱ्याला पहिल्या ढालीच दिसतील.

उरलेल्या शीट बंद पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, सपाट ठेवा. वहीच्या दोन पुठ्ठ्यांमधे ठेवल्या तर वाकत नाहीत. कपाट उन्हाच्या भिंतीला लागून असेल तर दुसरी जागा शोधा, कारण उष्णतेने पापुद्रा ठिसूळ होतो. जुनी शीट वापरण्याआधी एक बिनकामाचा तुकडा भिजवून पाहा. तो तुकडे होऊन विखुरला तर संपूर्ण शीटवर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचा एक थर देऊन नवा पापुद्रा तयार करता येतो. मग मात्र प्रत्येक चिन्ह कडेपर्यंत जवळून कापावं लागतं, कारण आता सगळी शीट एकच सलग पापुद्रा झालेली असते. पापुद्रा फक्त पिवळा पडला असेल तर शीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, छपाईची बाजू बाहेर करून, खिडकीच्या काचेला आतून काही दिवस चिकटवून ठेवा. सूर्यप्रकाशाने पिवळेपणा उतरतो. रोज संध्याकाळी पाहत जा, आणि पिवळा गेला की लगेच काढून घ्या, नाहीतर शाईचे रंगही उडायला लागतात.